रेल्वे मॉडेलच्या टेबलावर बार्शी लाइट का दिसत नाही?

रेल्वेची मॉडेल्स करणाऱ्या आपल्या मंडळींच्या टेबलांवर सध्या काय चालले आहे, याचे फोटो मी आवडीने पाहतो. कुणाचे डब्ल्यूएपी-७ हे विजेवरचे इंजिन रंगाच्या दुसऱ्या हातापर्यंत आलेले असते, कुणी एलएचबी या नव्या पद्धतीच्या डब्यांच्या खिडक्या कापून ठेवलेल्या असतात, तर कुणाची वंदे भारत नाकाच्या गोलाईपाशी अडलेली असते. काम देखणे असते, त्याबद्दल वाद नाही. मात्र त्यासोबत दोन तक्रारी हमखास ऐकू येतात: गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, जमत नाही आणि घरात जागा नाही. या दोन्ही तक्रारींवरचा उपाय, म्हणजे बार्शी लाइट ही जुनी नॅरोगेज रेल्वे, आपल्या सोलापूर-लातूरकडच्या मातीत पडून आहे आणि आपण तिकडे ढुंकूनही पाहत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी गेजचे पाहू. एचओ म्हणजे १:८७ या प्रमाणात बाजारात मिळणाऱ्या रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर असते, कारण ते १,४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजसाठी बेतलेले आहे. आपले ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचे, म्हणजे मॉडेलमध्ये ते सुमारे १९.३ मिलिमीटर भरायला हवे. त्यामुळे तयार रुळांवर उभे केलेले आपले इंजिन समोरून पाहिले की जवळजवळ ठेवलेल्या पायांवर तोललेल्या गवळणीच्या हंड्यासारखे दिसते. इंग्रज हौशी लोक हेच भांडण पिढ्यान्‌पिढ्या भांडत आले आहेत. त्यांचे प्रमाण १:७६, पण रूळ तेच १६.५ मिलिमीटरचे. त्यांच्यातल्या कट्टर मंडळींनी १८.८३ मिलिमीटरचा अचूक गेज हाताने घालण्यापर्यंत मजल मारली, आणि बाकीच्यांनी १६.५ वर समाधान मानून गाड्या पळवल्या. आपल्याकडे मात्र पुष्कळजण या दोन्हींपैकी काहीच न करता नुसते हळहळत बसतात.

आता बार्शी लाइट रेल्वेचा गेज बघा: ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागले की उत्तर येते ८.७६. एन स्केल या एचओहून लहान प्रमाणाचे तयार रूळ ९ मिलिमीटरचे असतात. पाव मिलिमीटरचा फरक कुणाच्या डोळ्यांना दिसत असेल, तर त्याने मॉडेलिंग सोडून घड्याळे दुरुस्त करावीत. माथेरानच्या गाडीचा मोह अनेकांना होतो, मलाही होतो, पण तिचा ६१० मिलिमीटरचा गेज या प्रमाणात ७ मिलिमीटर येतो आणि ९ मिलिमीटरच्या रुळांवर ती फेंगडी दिसते.

जागेचेही तसेच. आयसीएफचा (नेहमीचा जुन्या पद्धतीचा) ब्रॉडगेज डबा १:८७ मध्ये जवळजवळ २४.५ सेंटिमीटर लांब होतो. चोवीस डब्यांची गाडी सहा मीटरच्या घरात जाते आणि वळण निदान ६० सेंटिमीटर त्रिज्येचे नसेल तर डबे रुळांबाहेर लोंबताना दिसतात. फ्लॅटमध्ये हे सगळे मावायचे कुठे? बार्शी लाइटचे इंजिन आणि पाच वाघिणी मात्र साठ-सत्तर सेंटिमीटरमध्ये बसतात, आणि पुस्तकांच्या फळीएवढ्या रुंदीत एक छोटे स्टेशन सुखाने उभे राहते.

ही लाइन मॉडेलसाठी सोयीची आहे, यामागे तिच्या कर्त्याचे डोके आहे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या अभियंत्याने १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी हा पहिला टप्पा सुरू केला. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरज इथपर्यंत पोचली. इंजिन असो वा वाघीण, कुठल्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ द्यायचा नाही, म्हणजे हलके रूळ पुरतात, हे त्याचे सूत्र होते. म्हणूनच किटसन कंपनीने बांधलेल्या पहिल्या इंजिनांना आठ जोडचाके आणि मागे चार लहान चाके होती, आणि मालाच्या वाघिणी २५ फूट लांब व ७ फूट रुंद अशा एकाच मापाच्या पोलादी सांगाड्यावर बांधलेल्या होत्या. (याच गृहस्थाने पुढे वैमानिकांसाठी पॅराशूट तयार केले, हे वाचून मी काही वेळ टेबलावरचे काम थांबवले होते.) आपल्यासाठी याचा अर्थ असा की ८८ बाय साडेचोवीस मिलिमीटरचा एक साचा नीट करून घेतला की बंद वाघीण, उघडी वाघीण आणि सपाट वाघीण तिन्ही त्याच साच्यातून निघतात.

माझ्या टेबलावर सध्या अशाच बंद वाघिणी आहेत. पाव मिलिमीटर जाडीच्या स्टायरीन प्लॅस्टिकच्या पत्र्याला उलट्या बाजूने, टोक घासून बोथट केलेल्या सुईने, पट्टीच्या आधाराने एकेक टोचा दिला की सुलट बाजूला रिव्हेट उमटतात. हात जरा जड पडला की पत्रा फाटतो आणि हलका पडला की रंगाखाली रिव्हेट बुडून जातात. खरी कटकट रुळांची आहे. एन स्केलचे स्लीपर बारीक आणि दाटीवाटीने बसवलेले असतात, ते नॅरोगेजला शोभत नाहीत, म्हणून मी ते कापून काढतो आणि आईस्क्रीमच्या काड्या चिरून जाड स्लीपर विरळ अंतरावर चिकटवतो. खडीचा ढीग तर इथे चालतच नाही. थोडा मुरूम, रुळांमधून उगवलेले वाळके गवत आणि बाजूला भेगाळलेली काळी माती, एवढेच हवे, आणि ती माती शेतातलीच आणून, वस्त्रगाळ करून, पातळ फेव्हिकॉलवर पेरली तर रंग देण्याची गरजच उरत नाही.

माणसे हा वेगळाच विषय आहे. १:८७ मध्ये माणूस जेमतेम १९ मिलिमीटरचा होतो, आणि बाजारात मिळणारे पुतळे कोट-हॅटवाले युरोपियन असतात. त्यांची हॅट तासून पुट्टीच्या ठिपक्याचा फेटा बसवावा लागतो आणि फेव्हिकॉलमध्ये भिजवलेल्या टिश्यूपेपरचे धोतर नेसवावे लागते. आषाढीची गाडी करायची तर असे वारकरी टपावरसुद्धा बसवावे लागतील, आणि तेवढा धीर माझ्यात अजून आलेला नाही.

या साऱ्यावर हमखास येणारा आक्षेप असा, की यातले काहीच तयार मिळत नाही. खरे आहे, मिळत नाही. पण ब्रॉडगेजची मंडळी तरी सनबोर्ड (फोमचा हलका पुठ्ठा) कापूनच इंजिने करतात ना? इथे निदान मोटर आणि चाके एन स्केलच्या इंजिनातून जशीच्या तशी उचलता येतात. जोडचाकांचे वाफेचे इंजिन पहिल्याच झटक्यात अंगावर घेऊ नये, हे मान्य. उत्तरकाळातले डिझेल इंजिन आधी करावे, त्याचे वरचे शरीर म्हणजे बहुतांशी सरळ पेट्याच असतात.

अडते ते फोटोंपाशी. आता या मार्गावर ब्रॉडगेज झाले आहे आणि जुन्या गाड्यांचे जे फोटो सापडतात, ते बहुतेक इंजिनाचे, पुढून घेतलेले असतात. डब्याची मागची भिंत, टपावरची झरोक्यांची मांडणी, गार्डाच्या डब्याची पायरी यांकडे कुणी कॅमेरा वळवलेला नाही. कुर्डुवाडी, बार्शी, लातूर, पंढरपूर किंवा मिरज इथल्या कुणाच्या घरच्या अल्बममध्ये, लग्नाच्या किंवा वारीच्या फोटोमागे का होईना, नॅरोगेजचा डबा आला असेल, तर तो फोटो मला जरूर पाठवावा. शेजारी माणूस उभा असेल तर फारच उत्तम, त्याच्या उंचीवरून मला माप काढता येते.