‘फ्लॉपीवरून युनिक्स बसत नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे जुने पीसी सांभाळणाऱ्यांमध्ये एक मेसेज फिरतो: ‘फ्लॉपीवरून युनिक्ससारखी सिस्टिम बसवायला शेकडो फ्लॉप्या लागतात. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह लावा, काम होतं. आतली ड्राइव्ह वाचत नसेल तर ती मेली, भंगारात टाका.’ यातला तिसरा सल्ला सगळ्यात जास्त नुकसान करतो.

शेकडो फ्लॉप्या? ओपनबीएसडी या युनिक्ससारख्या सिस्टिमच्या आय३८६ (३२-बिट पीसींच्या) आवृत्तीला एक पुरते. तिची इमेज, म्हणजे फ्लॉपीवर जशीच्या तशी उतरवायची फाइल, १४,७४,५६० बाइटची असते: ८० ट्रॅक, २ बाजू, १८ सेक्टर, ५१२ बाइट. त्यात कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि इन्स्टॉलर येतो, बाकी सिस्टिम लॅनवरून उतरते. मात्र सगळ्या लॅन कार्डांचे ड्रायव्हर त्यात मावत नाहीत. बूट होताना कार्डापुढे ‘नॉट कॉन्फिगर्ड’ दिसलं, तर कार्डच बदला.

इमेज साध्या फाइलसारखी फ्लॉपीत कॉपी करू नका. डॉसने फॉरमॅट केलेल्या फ्लॉपीत फाइलींना १४,५७,६६४ बाइटच उरतात, म्हणजे ती मावतच नाही. लिनक्सच्या डीडी कमांडने थेट लिहा. मग फ्लॉपी बाहेर काढून पुन्हा घाला आणि सीएमपी कमांडने मूळ इमेजशी ताडून बघा. न काढता ताडलं, तर लिनक्स मेमरीतलीच प्रत वाचतं आणि खराब फ्लॉपीही बरोबर ठरते.

यूएसबी ड्राइव्हचं म्हणणं अर्धं खरं. नव्या लॅपटॉपवर फ्लॉपी लिहायला ती चालते. पण जुन्या पेंटियमचा बायॉस (पीसी सुरू करणारा प्रोग्राम) यूएसबीवरून बूटच करत नाही, तिथे ३४ पिनांची आतली ड्राइव्हच हवी. शिवाय लिनक्सवर यूएसबी ड्राइव्ह आतल्या ड्राइव्हसारखी एफडी० नव्हे, हार्डडिस्कसारखी एसडीबी अशा नावाने दिसते. डीडीत अक्षर चुकलं की हार्डडिस्क पुसली जाते. तिच्यात फॉरमॅट करायला एफडीफॉरमॅट ही कमांड चालत नाही, यूएफआयफॉरमॅट लागतं.

आता ‘मेलेली’ ड्राइव्ह. दिवा सतत पेटलेला असेल तर केबल उलटी आहे. लाल कडेची तार पिन १ कडे हवी. केबलच्या पिळाच्या (काही तारा उलटवलेल्या जागेच्या) पुढे जोडलेली ड्राइव्ह ‘ए’ होते, अलीकडची ‘बी’.

केबल बरोबर असेल तर बहुतेकदा दोष घाणीचा. जुन्या पीसीचा पंखा हवा बाहेर फेकतो, त्यामुळे फ्लॉपीच्या फटीतून हवा आत ओढली जाते. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात त्या हवेबरोबर लोखंडाची पूड येते, निपाणीच्या वखारीत तंबाखूची धूळ. खानापूरच्या पावसात फ्लॉपीलाच बुरशी धरते. म्हणून घालण्याआधी शटर सरकवून चकती फिरवून बघा. पांढरट ठिपके असतील तर ती फ्लॉपी अजिबात घालू नका: बुरशी हेडला (चकती वाचणाऱ्या भागाला) चिकटते आणि पुढची चांगली फ्लॉपी ओरबाडते. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओल्या केलेल्या, धागे न सुटणाऱ्या बोळ्याने हलके पुसा. वरचं हेड नाजूक पट्टीवर असतं, ते वर ओढू नका. हेड सरकतं त्या स्क्रूवरचं ग्रीस वाळलेलं असेल तर पुसून थेंबभर नवं लावा.

एवढं करून ड्राइव्ह स्वतः लिहिलेली फ्लॉपी वाचते पण दुसरीकडची वाचत नाही, तर तिचं हेड रेषेतून सरकलंय. तीच ड्राइव्ह ३४ पिनांची सोय असलेल्या चालू पीसीला थोडा वेळ जोडा, तिच्यातच फॉरमॅट करून इमेज लिहा आणि मूळ जागी बसवा. ती फ्लॉपी तिथे बूट होते.