उत्तर काढू नये

चाळिशीच्या उंबरठ्यावर एमबीए करण्याची दुर्बुद्धी सुचली की पुष्कळदा जीमॅट ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, आणि या परीक्षेत ‘डेटा सफिशियन्सी’ नावाचा एक प्रकार असतो, ज्यात गणित पुढ्यात ठेवतात पण ते सोडवण्याची अपेक्षा मात्र मुळीच नसते. एक प्रश्न, त्याखाली दोन विधाने. त्यांवरून उत्तर निघेल की नाही, एवढेच सांगायचे. पर्याय दर वेळी तेच पाच, ‘ए’पासून ‘ई’पर्यंत: पहिले विधान एकटे पुरते, दुसरे एकटे पुरते, दोन्ही मिळूनच पुरतात, कोणतेही एक पुरते, आणि दोन्ही मिळूनही भागत नाही. (एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना ही यादी ओळखीची वाटेल.)

२०२३ च्या अखेरीस परीक्षेची रचना बदलली आणि हे प्रश्न गणिताच्या विभागातून उठून ‘डेटा इन्साइट्स’मध्ये जाऊन बसले. तिथे ४५ मिनिटांत २० प्रश्न सोडवायचे असतात आणि पडद्यावर कॅल्क्युलेटरही मिळतो. एकादशीला पुढ्यात श्रीखंडाची वाटी ठेवावी, तसा. रीत लिहून, उत्तराखाली दोन रेघा ओढल्याशिवाय ज्याला शाळेत कधी जागेवरून उठू दिले नाही, त्याचा हात अशा वेळी आवरत नाही.

‘क्ष ही धन संख्या आहे का?’ पहिले विधान म्हणते, क्षचा वर्ग ९ आहे. मी ‘तीन’ म्हणून मोकळा झालो; उणे तीन कोपऱ्यात बसून हसत होता. दुसरे विधान म्हणते, क्षचा घन उणे २७ आहे. क्ष धन नाही म्हटल्यावर मी ते विधान नापास केले, पण इथे ठाम ‘नाही’ हेही पुरेसे उत्तर धरतात. मुलगी पाहायला आलेल्यांनी ‘पत्रिका जुळत नाही’ म्हटले तर माहिती पुरेशी. ‘कळवतो’ म्हणून गेले तर अपुरी.

परवा मात्र कहर झाला. वडापाव १७ रुपयांना, चहा १२ रुपयांना. एका टोळक्याने हे दोनच पदार्थ घेतले, तर वडापाव किती? पहिले विधान: बिल ९९ रुपये झाले. दुसरे: एकूण ७ नग घेतले. दोन चले, दोन समीकरणे, म्हणजे दोन्ही विधाने हवीतच, असे म्हणून मी मोठ्या दिमाखात ‘सी’ ठोकला. तो चुकला.

गणिताचे निवृत्त शिक्षक असलेले बाबा मागे उभे होते. “उत्तर किती आलं?”

“उत्तर काढायचं नसतं, बाबा.”

“मग क्लासची फी कशाची भरलीस?” असे म्हणून त्यांनी विजेच्या बिलाच्या पाठीवर ९९ मधून एकेक १७ वजा करायला घेतले. ८२, ६५, ४८. आणि ४८ ला १२ ने निःशेष भाग गेला. पुढच्या वजाबाक्याही त्यांनी शेवटपर्यंत केल्या. दुसरी एकही जोडी जुळेना. वडापाव अर्धा मिळत नसल्यामुळे नुसते बिलच पुरेसे होते.

“तीन वडापाव, चार चहा,” म्हणत त्यांनी उत्तराखाली दोन रेघा ओढल्या आणि चष्मा कपाळावर सरकवला. “म्हणजे माणसं चार. मग चौथ्यानं काय खाल्लं रे?”

मी दोन्ही विधाने पुन्हा वाचली आणि ‘ई’ म्हणालो.