शिवणीतली माया

कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेत आमच्या चौकात पिंपळाचा पार आहे. संध्याकाळी सातच्या सुमारास तिथे पाचसहा माणसे जमतात. गेल्या शनिवारी शेजारच्या वहिनी कापडी पिशवीत सासूबाईंचे एक जुने इरकल घेऊन आल्या. त्यांची मुलगी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तिला त्या लुगड्याचा कुर्ता हवा होता. वहिनींना मात्र ते कापावे की नाही याचा निर्णय होत नव्हता, म्हणून त्या आप्पांना विचारायला आल्या होत्या. आप्पांनी चाळीस वर्षे शिवणकामाचे दुकान चालवले आहे आणि आता ते फक्त ओळखीच्या लोकांचे कपडे बेतून देतात.

आप्पांनी पिशवी उघडण्याआधीच दादांनी हरकत घेतली. त्यांचा हिशेब तयार होता. महाद्वार रोडवर चारशे रुपयांत शिवलेला कुर्ता मिळतो. तोच शिवून घ्यायचा तर अडीच मीटर कापडालाच चारशे रुपये लागतात, त्यावर साडेतीनशे रुपये शिलाई, आणि शिवाय दोन खेपा. घरी शिवायचा म्हटला तर सुट्टीचा एक पूर्ण दिवस जातो. घरचे शिवणे ही आता गरिबाची सोय राहिलेली नसून ज्याच्याकडे वेळ आहे त्याची हौस झाली आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

दादांचा हिशेब चुकीचा नव्हता, हे मी तिथेच कबूल केले. नवे कापड आणि बाहेरची शिलाई धरली, तर तयार कपडा स्वस्तच पडतो. पण घरच्या शिवणकामाचा खरा फायदा विकत घेताना दिसत नाही, तो कपडा अंगावर चढल्यानंतर आणि काही वर्षे गेल्यानंतर दिसतो, असे माझे मत आहे. आप्पांनी ते माझ्यापेक्षा चांगले दाखवून दिले.

ते म्हणाले, ‘‘दादा, उभे राहा आणि दोन्ही हात वर करा.’’ दादांनी हात वर केले, तेव्हा त्यांचा नवा कुर्ता खालच्या घेरासकट वीतभर वर उचलला गेला. आप्पांनी त्यांच्या काखेत दोन बोटे घालून दाखवली. मुंढा, म्हणजे बाही जोडण्याची जागा, खोल कापलेला होता. एकच माप अनेक अंगांना बसवायचे असल्यामुळे तयार कपड्यात मुंढा खोल ठेवतात, आणि मुंढा खोल असला की हाताबरोबर सगळा कपडा वर येतो. जुन्या पद्धतीच्या कुर्त्यात पुढे आणि मागे सरळ पट्टा, दोन्ही बाजूंना कळ्या (खाली रुंद होत जाणारे तुकडे), सरळ बाही आणि काखेत एक छोटा चौकोनी तुकडा असे. त्या तुकड्याला चौबगला म्हणतात. हात वर केला की चौबगला उघडतो आणि कुर्ता जागेवर राहतो. हे सगळे तुकडे सरळ रेषांचे असल्यामुळे बेतताना चिंध्या फार थोड्या उरतात. हातमागाचे कापड कमी पन्ह्याचे, म्हणजे कमी रुंदीचे असे, त्यामुळे असे बेतणे भागच होते. ज्याला आपण साधा, गावठी कुर्ता म्हणतो, त्यात कापडाचा एवढा बारीक विचार आहे, हे मला दरवेळी नव्याने थक्क करते.

मग आप्पांनी दादांच्या कुर्त्याची बाजूची शिवण उलटी करून दाखवली. इंटरलॉकच्या दोऱ्यापलीकडे जेमतेम दोन सूत कापड होते. ‘‘यात माया नाही,’’ ते म्हणाले. शिवणीच्या आत राखलेल्या जास्तीच्या कापडाला शिंपी माया म्हणतात, आणि मला तो शब्द आपल्या भाषेतल्या फार सुंदर शब्दांपैकी एक वाटतो. माझ्या आईने स्वतः शिवलेला एक ब्लाउज तिने लग्नानंतर बावीस वर्षे वापरला. दोन बाळंतपणांनंतर तिने दोन्ही बाजूंची एकेक टीप उसवली, पुढे चाळिशीला आल्यावर दुसरी उसवली, आणि उसवलेल्या जागी मूळ गडद रंगाची उभी रेघ दिसत असे. तो कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या खणाचा ब्लाउज होता आणि आई तो पाच वेगवेगळ्या साध्या सुती लुगड्यांवर घालत असे. तिच्याकडे कपडे थोडे होते, पण गल्लीतल्या बायका तिच्या नेसण्याकडे पाहत असत. परवडणारी शैली म्हणजे काय, असे मला कोणी विचारले, तर मी त्या एका ब्लाउजबद्दल सांगेन.

वहिनींच्या मुलीने इथे वेगळाच मुद्दा काढला. तिला अभिनेत्री साधनासारखा चुडीदार आणि कुर्ता हवा होता, आणि जुन्या सिनेमातले कपडे पाहून शिवणे म्हणजे नक्कलच, असे दादा म्हणताच ती चिडली. तिने जे सांगितले ते आमच्यापैकी निम्म्या लोकांना माहीत नव्हते. 1965 सालच्या ‘वक्त’मध्ये साधना यांनी घातलेला अंगासरशी बसणारा कुर्ता आणि चुडीदार भानू अथैया यांनी घडवला होता. भानू अथैया म्हणजे याच कोल्हापुरात 1929 साली जन्मलेल्या भानुमती राजोपाध्ये. त्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या आणि ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी 1983 साली ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. रोजच्या वापरातल्या कपड्याचा त्यांनी फक्त बेत बदलला, असे मुलीचे म्हणणे होते. म्हणून त्यांच्याकडून घ्यायची ती नजर, झगमगाट नव्हे.

आप्पांना ते पूर्ण पटले. चुडीदार अंगाला बसतो तो कापड उरेब, म्हणजे तिरपे बेतल्यामुळे, कारण उरेब कापडाला ताण असतो. उरेब कापण्यात कापड वाया जाऊ नये म्हणून जुने कारागीर आधी कापडाची तिरपी थैली शिवत आणि मग त्यातून पाय कापत. ते शिकायला एक दुपार पुरते, असे ते म्हणाले. दादा मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिले की प्रत्येक गल्लीत एक आप्पा नसतो, आणि ही अडचण खरी आहे. शिवणक्लास बंद पडत चालले आहेत, आणि ज्यांच्या घरी शिलाई मशीन आहे त्यांच्यापैकी कित्येकांनी ते चादरीखाली झाकून ठेवले आहे. माझ्या मते यावर उपाय एकच आहे: ज्यांना येते त्यांनी शिकवावे. मी त्याच वेळी दोन मुलींना दर रविवारी बेतणे शिकवायचे कबूल केले.

मग लुगडे उघडले. आठ मीटरचे नऊवारी, निळसर काळे अंग, त्यावर बारीक चौकडा, आणि लाल पदरावर पांढरी नक्षी. आप्पांनी ते दिव्याच्या खांबाजवळ नेऊन हातहातभर उजेडासमोर धरले. जिथे कापड विरले होते तिथून दिवा स्पष्ट दिसत होता: बसण्याच्या जागी आणि खालच्या काठाजवळ, जिथे पावले पडतात. बाकीचे अंग घट्ट होते. वहिनींचे डोळे भरून आले, कारण ते विरलेले भाग म्हणजे सासूबाईंचे रोजचे बसणे-उठणे होते. मला वाटले, त्या आता लुगडे परत पिशवीत घालतील.

आप्पांनी पदराला हात लावू दिला नाही. इरकलाचे अंग सहसा सुती आणि पदराचा ताणा, म्हणजे उभे धागे, रेशमी असतो. मागावर दोन्ही ताणे एकमेकांत अडकवून जोडलेले असतात. हे दोन भाग एका कुर्त्यात घातले, तर धुताना दोन्ही सारखे आटत नाहीत. विरलेला भाग वगळून अंगाचे पावणेतीन मीटर सलग मिळत होते. तेवढ्यात चौबगल्याचा कुर्ता होतो आणि शिवणीत दीड इंच माया राहते. पदर न कापता तसाच ओढणी म्हणून घ्यावा, असे त्यांनी सुचवले. मुलीने तो लगेच खांद्यावर टाकला. वहिनी बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘आप्पा, माया दोन इंच ठेवा.’’

आप्पांनी खिशातून खडू काढला, पण खूण केली नाही. आधी लुगडे रात्रभर पाण्यात ठेवायचे, सावलीत वाळवायचे, आणि मगच बेतायचे.