'चिकित्सक' यांस उत्तर : पॉम्पेईची बाई, एक खरोष्ठी अक्षर आणि माझं गावप्रेम

'तेरची लेक पॉम्पेईत' या माझ्या लेखाखाली 'चिकित्सक' या नावानं एक प्रतिक्रिया आली आहे. तिथंच दोन ओळी लिहून विषय संपवायला बसलो होतो, पण उत्तर वाढत गेलं, म्हणून वेगळं टाकतो.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी: १९३८ साली इटालियन पुरातत्त्वज्ञ अमेदेओ मायुरी यांच्या उत्खननात इटलीतल्या पॉम्पेई या प्राचीन रोमन गावातल्या एका घरात हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. अंगभर दागिने, दोन्ही बाजूंना दोन चिमुकल्या दासी, कारागिरी उघड उघड भारतीय. त्या घराला आता तिच्याच नावानं ओळखतात. व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाव गाडलं गेलं ते इ. स. ७९ मध्ये, म्हणजे बाई त्याआधीच तिथं पोचलेली होती. माझं म्हणणं एवढंच होतं की ती सातवाहनांच्या मुलखातून, आपल्या मराठवाड्यातून गेली असावी, कारण तिच्या नात्यातल्या वाटाव्यात अशा हस्तिदंती मूर्ती तेरला आणि भोकरदनला मिळाल्या आहेत.

आता चिकित्सकरावांचे आक्षेप. मूर्ती 'फूटभर' नाही. ती लक्ष्मी नाही. तिच्या बैठकीवर खरोष्ठी या प्राचीन लिपीतलं अक्षर कोरलेलं आहे 'आणि खरोष्ठी तुमच्या मराठवाड्यात कुणी लिहीत नव्हतं, एवढ्या एका गोष्टीनं लेख आडवा होतो'. सारखेपणा म्हणजे उगम नव्हे, तेरला हस्तिदंताचं काम होत होतं याचा पुरावा लेखात कुठे आहे? आणि समारोप असा: 'गावप्रेम समजू शकतो, पण गावप्रेम हा पुरावा नसतो. व्हॉट्सॲपवर खपून जाईल.'

उंचीचं आधी मिटवू. तुमचं बरोबर आहे. मूर्ती पाव मीटरच्या आसपास आहे, 'फूटभर' हा माझा सैल शब्द होता. लेखात दुरुस्ती करतो आणि तुमचे आभार मानतो. मनापासून मानतो, नाहीतर तेही गावप्रेमात जमा कराल.

लक्ष्मीचं म्हणाल, तर तो शब्द मी अवतरणात टाकला होता. पहिल्यापासून तिला लक्ष्मी म्हणण्याचा प्रघात पडला, नंतर अनेकांनी ती यक्षी असावी असं म्हटलं, आणि तिच्या डोक्यात भोक असल्यामुळे ती आरशाची मूठ किंवा एखाद्या चौरंगाचा पाय असावी असंही म्हटलं गेलं. हे सगळं मला ठाऊक आहे. आरशाच्या मुठीला लक्ष्मी म्हटल्यानं कुणाची पूजा मोडत नाही. पुढे जाऊ.

आता ते अक्षर. 'एवढ्या एका गोष्टीनं लेख आडवा होतो.' हे वाक्य मी तीनदा वाचलं. मतभेद असू द्यात, पण 'आडवा होतो'? आपण काय कुस्तीच्या फडात उभे आहोत? बरं, तुम्हीच लांग कसली आहे तर दोन डाव बघाच.

खरोष्ठी ही वायव्येची लिपी, गांधाराची, हे नववीतल्या मुलालाही सांगता येईल. प्रश्न तो नाहीच. प्रश्न असा की मूर्तीवरचं एकटं अक्षर मूर्ती कुठे घडली ते सांगतं की कुणाच्या हातातून गेली ते? ती काही दानलेखाची ओळ नाही. सुटे भाग जुळवताना किंवा माल मोजताना करतात तशी खूण दिसते. अफगाणिस्तानात बेग्रामला १९३७ आणि १९३९ मध्ये फ्रेंचांना जो हस्तिदंताचा साठा मिळाला, त्यावरही अशा खुणेच्या अक्षरांमध्ये खरोष्ठी आहे. पण ते हस्तिदंत कुठे कोरले गेले याची चर्चा मथुरेपासून थेट दख्खनपर्यंत पसरलेली आहे. अक्षर दिसलं की गाव ठरलं, इतकं ते सोपं असतं तर ही चर्चा कधीच मिटली असती.

आणि 'तुमच्या मराठवाड्यात'! (हे 'तुमच्या' मला फार आवडलं.) माल मराठवाड्यातून निघाला तरी समुद्रावर चढायचा भडोचला. 'पेरिप्लस' हे पहिल्या शतकातलं समुद्रव्यापाराचं पुस्तक ग्रीकमध्ये लिहिणारा अनामिक लेखक त्याला बॅरिगाझा म्हणतो. तो सांगतो की बॅरिगाझाहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं तेर, दोन्हीकडून माल गाड्या भरून बंदराला येतो. बंदरातून परदेशी जाणाऱ्या मालाच्या यादीत त्यानं हस्तिदंतही धरला आहे. आणि ज्या गोष्टीकडे चिकित्सेच्या नादात आपली नजर गेली नसावी ती ही: अपोलोडोटस आणि मिनँडर या हिंद-ग्रीक राजांची जुनी नाणी अजून भडोचच्या बाजारात चालतात, असंही तो नोंदवून ठेवतो. त्या राजांच्या द्विभाषिक नाण्यांवर एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला काय असतं? खरोष्ठी. म्हणजे भडोचच्या सराफाच्या गल्ल्यात खरोष्ठी रोज खुळखुळत होती. तिथल्या एखाद्या वखारीतल्या माणसानं एक अक्षर कोरलं असेल, तर त्यासाठी मूर्तीला तक्षशिलेला जन्म घ्यावा लागत नाही.

अजून हवं? १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला नहपान या क्षत्रप राजाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. तेरा हजारांहून जास्त नाणी. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला. नहपानाच्या या नाण्यांवर ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तिन्ही लिप्या आहेत. गोदावरीच्या काठी, महाराष्ट्रात, हंड्यात भरलेली खरोष्ठी! आता तुम्ही म्हणाल की नहपान पॉम्पेईच्या आधीचा की नंतरचा यावर वाद आहे, आणि नाणं सापडणं म्हणजे लिहिणारा सापडणं नव्हे. म्हणा. पण मग हाच नियम पॉम्पेईच्या अक्षरालाही लावा ना, साहेब. तिथं अक्षर म्हणजे उगम आणि इथं अक्षर म्हणजे फक्त नाणं, हे कसं?

भोकरदनबद्दल एक वाक्य, कारण तुम्ही ते नाव टाळून फक्त 'तेर, तेर' केलं आहे. १९७३ मध्ये देव आणि गुप्ते यांनी तिथं उत्खनन केलं, तिथं मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीची तुलना पॉम्पेईच्या बाईशी झाली आणि धवळीकरांसारख्या पुरातत्त्वज्ञानं तिच्या माहेराच्या चर्चेत भोकरदनचं नाव घेतलं. त्यांचाही गावाकडचा जिव्हाळाच का?

खरं तर मला बोचलं ते हेच. गावप्रेम. सांगूनच टाकतो.

तेर माझं आजोळ. लोकांना ते गोरोबाकाकांचं तेर म्हणून माहीत असतं, आणि ते आहेच. पण जूनचा पहिला मोठा पाऊस पडला की आम्ही पोरं पांढरीवर पळायचो. पाण्यानं माती धुऊन निघालेली असायची आणि तिच्यात मणी चमकायचे: लाल, काळे, एखादा पट्ट्यापट्ट्यांचा. शंखाच्या बांगड्यांचे तुकडे तर मुठी भरून. आजी ओरडायची की पांढरीतलं काही घरात आणायचं नाही, तिथं मागच्यांची वस्ती होती. मागचे म्हणजे कोण, ते तिला सांगता येत नव्हतं. मी ते नंतर पुस्तकात वाचलं, की ते मागचे रोमशी व्यापार करत होते. रामलिंगप्पा लामतुरे नावाच्या गृहस्थांनी मात्र गावातल्या अशा हजारो वस्तू आयुष्यभर जमवल्या, म्हणून आज तेरला संग्रहालय आहे आणि ती हस्तिदंती मूर्ती बघायला मिळते. त्यांच्याजवळ कुठली पदवी होती, विचारा.

पुढे पुण्यात शिकायला आलो. एका तासाला मी तगर म्हणजे तेर असं म्हटलं, तर शिकवणारे सर हसले आणि म्हणाले, "तेर? ते वारकऱ्यांचं?" वर्गही हसला. फ्लीट या इंग्रज अभ्यासकानं १९०१ मध्येच तगर म्हणजे तेर हे दाखवून दिलं होतं, त्याआधी विद्वान देवगिरीपासून जुन्नरपर्यंत सगळीकडे तगर शोधून दमले होते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. नाहीतर उठून बोललो असतो. तुमची प्रतिक्रिया वाचताना ते हसू पुन्हा ऐकू आलं. तो तुमचा दोष नाही, मान्य. पण सूर तोच होता.

आणि हो, मी ती मूर्ती डोळ्यांनी पाहिली आहे. नेपल्सच्या संग्रहालयात तिला त्या 'गुप्त दालनात' ठेवलंय, जिथं पॉम्पेईतल्या सगळ्या वाह्यात वस्तू आहेत. बायको दारातूनच म्हणाली, तुम्ही बघून या. अर्धा तास काचेला नाक लावून उभा होतो. ते अक्षर मला दिसलं नाही. पण तिच्या पायातले वाळ्यांचे थर आणि कमरेचा पट्टा पाहिला, आणि तेरच्या बाईची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. हा पुरावा नाही, हे मलाही कळतं. पण तुम्ही पाहिली आहे का?

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, की तेरला हस्तिदंत कोरला जात होता याचा पुरावा कुठे. प्रश्न चांगला आहे. कारागीरही फिरतात, नमुनेही फिरतात, सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या दंतकारांनी आपलं नाव कोरून ठेवलंय, हे सगळं मीही वाचलं आहे, आणि कुणी विदिशेचं नाव पुढे केलं तर मी भांडणार नाही. पण चार ओळींत उरकावा असा तो विषय नाही आणि 'व्हॉट्सॲपवर खपून जाईल' असं ऐकून घेतल्यावर तो उलगडत बसायचा उत्साहही राहत नाही. स्वतंत्र लेख लिहीन, सवडीनं. शिवाय मी 'गेली असावी' असं लिहिलं होतं. 'असावी'. तुम्ही ते 'आहे' असं वाचलंत. शीर्षकात तसं ध्वनित होतं म्हणाल, तर शीर्षक हे शीर्षक असतं.

इतर वाचकांना विनंती, की चिकित्सकांना उलटसुलट बोलू नका. काल रात्री कुणीतरी त्यांना 'सदाशिव पेठी' म्हटलं होतं, ती प्रतिक्रिया मी काढली आहे. (जरा उशिरा काढली, कबूल.)

लेखात उंची दुरुस्त केली आहे. शीर्षक तसंच ठेवलं आहे.