ब्लेडचा काप आणि सीटीची चित्रं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

घन फेसावरच्या माझ्या लेखावर तुमचं म्हणणं असं : घन फेसाचा (म्हणजे स्पंज किंवा थर्माकोलसारख्या, आत कप्पेच कप्पे असलेल्या पदार्थाचा) ब्लेडने काप घ्यावा, सूक्ष्मदर्शकाखाली कप्पे मोजावेत, काम संपलं. मायक्रो-सीटीची, म्हणजे क्ष-किरणांनी आतली त्रिमितीय रचना टिपणाऱ्या स्कॅनची, रंगीत चित्रं ही हौस. आणि मॉडेलच करायचं तर भौतिकशास्त्रज्ञ केल्विनचा चौदा बाजूंचा कप्पा आहेच, मग संगणकाला एवढं कशाला राबवायचं?

आधी काप. समान आकाराचे गोल कप्पे कुठूनही कापले, तर कापावर दिसणाऱ्या वर्तुळांचा सरासरी व्यास खऱ्या व्यासाच्या सुमारे ७८.५ टक्के येतो, कारण ब्लेड बहुतेक कप्प्यांच्या मधोमध जातच नाही. शिवाय सगळे कप्पे सारखे असूनही कापावर लहानमोठे दिसतात. ही चूक गणिताने सुधारता येते, मान्य. पण कुठला कप्पा कुठल्या कप्प्याला उघडा आहे, हे एका कापावरून कुठल्याच गणिताने निघत नाही. त्यासाठी खोली हवी. फेसातून हवा, पाणी किंवा आवाज कसा जाईल, हे त्या जोडणीवरच ठरतं.

केल्विनबद्दल माझ्याही मनात आदर आहे. समान घनफळाच्या कप्प्यांनी अवकाश भरायचा आणि पृष्ठभाग कमीत कमी ठेवायचा, यावर त्याने १८८७ मध्ये सहा चौकोन आणि आठ षट्कोनांचं उत्तर दिलं. ते शंभरेक वर्षं टिकलं. मग वेअर आणि फेलन या भौतिकशास्त्रज्ञांनी दोन प्रकारचे कप्पे मिसळून ०.३ टक्के कमी पृष्ठभाग काढून दाखवला. मला मात्र वनस्पतिशास्त्रज्ञ मॅट्झके जास्त आवडतो. त्याने १९४६ मध्ये साबणाच्या फेसातले आतले ६०० बुडबुडे एकेक करून तपासले. सरासरी बाजू भरल्या १३.७, आणि केल्विनचा कप्पा एकही सापडला नाही! घनतेवरून कडकपणाचा अंदाज बांधायला केल्विन पुरतो. पण फेस दाबला की आधी त्यातली सगळ्यांत कमजोर रांग कोसळते, आणि सगळे कप्पे सारखे असलेल्या मॉडेलमध्ये अशी रांगच नसते. म्हणून मी स्कॅनमधून कप्प्यांची केंद्रं आणि घनफळं घेऊन लागेर पद्धतीने, म्हणजे प्रत्येक केंद्राला त्याच्या कप्प्याच्या आकारानुसार वाटा देऊन, अवकाश विभागतो.

एका ठिकाणी मात्र तुम्ही मला बरोबर पकडलंत : ‘चित्रात काय दिसावं, हे तुम्हीच ठरवता.’ खरं आहे. स्कॅनमध्ये मिळतात करड्या छटा. कुठल्या छटेपासून पुढे पदार्थ मानायचा, तो थ्रेशोल्ड माणूस ठरवतो. समजा काडी (कप्प्याच्या कडेवरचा घन दांडा) पाच व्हॉक्सेल (त्रिमितीय चित्रातले सगळ्यांत लहान ठोकळे) जाड आहे. थ्रेशोल्ड थोडा कडक केला आणि दोन्ही बाजूंनी एकेक व्हॉक्सेल गेला, तर उरले तीन. काडीचं घनफळ ३६ टक्क्यांवर येतं आणि वाकण्याला होणारा विरोध, जो जाडीच्या चौथ्या घातात बदलतो, तो १३ टक्क्यांवर. एवढ्या फरकाने मॉडेलचे सगळे आकडे कोसळतात. म्हणून नमुना आधी तराजूवर ठेवायचा आणि चित्रातला घन भाग वजनावरून काढलेल्या घनतेशी जुळेल असा थ्रेशोल्ड निवडायचा. हाही उपाय अर्धाच. कप्प्यांमधले पडदे व्हॉक्सेलपेक्षा बरेच पातळ असले की ते चित्रातून गायब होतात आणि बंद कप्प्यांचा फेस उघडा दिसतो. मग वजन जुळवायच्या नादात काड्या उगाच जाड होतात. तिथे मी मुकाट्याने सूक्ष्मदर्शकाकडे वळतो, तुमच्याच ब्लेडच्या कापासकट.

मूळ लेखातल्या चित्राखाली व्हॉक्सेलचा आकार आणि थ्रेशोल्ड कसा ठरवला, दोन्ही लिहायचं राहिलं होतं. आज जोडलं आहे.