हात न लावता झालेले बदल

कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनात 'गिट स्टेटस'इतकी सोज्वळ कमांड दुसरी नाही; काय काय बदललंय एवढंच ती सांगते. ती तुमच्या फायली पुसत नाही, बदलत नाही, कुठे पाठवत नाही. आपण नुसती चौकशी करायची आणि तिनं 'सगळं ठाकठीक आहे' म्हणायचं, एवढंच आमचं नातं होतं. मग एकदा नवी रिपॉझिटरी (प्रकल्पाचा कोड आणि त्याचा इतिहास) क्लोन केली, म्हणजे तिची प्रत माझ्या मशीनवर उतरवली, अजून एडिटरसुद्धा उघडला नव्हता, सवयीनं स्टेटस विचारलं, तर लाल अक्षरांत फायलींची ही लांबलचक यादी. प्रत्येकीवर एकच आरोप : मॉडिफाइड.

कोणी केल्या मॉडिफाय? मी तर कीबोर्डवर नीट बोटंही टेकवली नव्हती. पण गिट सौजन्यमूर्ती असल्यामुळे यादीच्या डोक्यावर सल्लाही होता : बदल नको असतील तर 'गिट रिस्टोर' वापरा. वापरलं. गिट गप्प. गिट गप्प बसलं की काम झालं असं समजायची रीत आहे. पुन्हा स्टेटस विचारलं. यादी जशीच्या तशी.

मग 'रीसेट हार्ड'. ही कमांड देताना निष्पाप माणसाचंही बोट एंटरवर अडखळतं, कारण कमिट न केलेले, म्हणजे गिटच्या इतिहासात न नोंदवलेले, बदल तिच्यात वाहून जातात. 'हेड आता अमुक कमिटवर आहे' असं तिनं ठणकावून सांगितलं. हेड, म्हणजे आपण ज्या नोंदीवर आहोत तिची खूण, होतंच तिथे, त्याबद्दल माझी तक्रारच नव्हती. यादीही तिथेच होती. शेवटी 'स्टॅश' केलं, म्हणजे बदल गुंडाळून फडताळात टाकले. बदल फडताळातही गेले आणि जागेवरही राहिले. फडताळातले परत काढायला मी गेले, तर गिट म्हणालं, तुमचे इथले बदल पुसले जातील, आधी ते कमिट करा किंवा स्टॅश करा. ओल आलेल्या भिंतीला रंग देणाऱ्या माणसाचं दुःख मला त्या क्षणी समजलं.

बरं, बदल नक्की काय झालाय ते तरी बघावं म्हणून डिफ, म्हणजे जुन्या-नव्यातला ओळवार फरक, काढला. लाल रंगात, उणे चिन्हासह : 'रिटर्न ट्रू'. हिरव्या रंगात, अधिक चिन्हासह : 'रिटर्न ट्रू'. खाली लाल कंस, हिरवा कंस. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत फाइल आधी अख्खी काढलेली आणि मग तीच अख्खी घातलेली. मी चष्मा पुसला. स्क्रीनही पुसली. रिटर्न ट्रू जाऊन रिटर्न ट्रूच आलं होतं.

अशा वेळी माणूस टीमला विचारतो. टीमकडे दोन उत्तरं कायम तयार असतात. पहिलं : "माझ्याकडे तर चालतंय." दुसरं : "डिलीट करून परत क्लोन कर ना." पहिल्यात सहानुभूती नसते, दुसऱ्यात विचार नसतो, तरी मी परत क्लोन केलं. यादी आली, पण या वेळी वेगळीच! मघाच्या काही फायली सुटल्या होत्या आणि काही नव्या निष्पाप फायली अडकल्या होत्या. इथे माझी खात्री पटली की हा बग गिटमध्येच आहे. लिनक्स लिहिणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनं 2005 च्या एप्रिलमध्ये, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं, म्हणजे कर्नलचं, काम बिटकीपर या तशाच दुसऱ्या साधनावरून हलवायची वेळ आली तेव्हा, हे गिट काही दिवसांत स्वतःचा कोड स्वतःच सांभाळण्याइतपत उभं केलं. इतक्या घाईत केलेल्या कामात काहीतरी राहिलंच असणार, असं मला वैतागाच्या भरात वाटायला लागलं.

धागा सापडला तो डिफला 'डॅश डब्ल्यू' जोडल्यावर. 'रिकाम्या जागेतला फरक धरू नकोस' असं सांगताच अख्खा डिफ गायब. म्हणजे भांडण न दिसणाऱ्या अक्षरांचं होतं. मग ओळीच्या शेवटी कोणती अक्षरं आहेत ते दाखवणारं 'गिट एलएस-फाइल्स डॅश डॅश ईओएल' चालवलं आणि प्रत्येक फायलीपुढे पाटी आली : साठवलेल्या प्रतीत सीआरएलएफ, डिस्कवर सीआरएलएफ, आणि नियम 'टेक्स्ट'.

या सीआरएलएफचं मूळ टेलिप्रिंटरमध्ये आहे. ओळ संपली की छापणारा भाग डाव्या कडेला न्यायचा, ही एक आज्ञा, कॅरेज रिटर्न, आस्की या अक्षरांच्या संगणकी क्रमावलीत क्रमांक 13. कागद एक ओळ वर सरकवायचा, ही दुसरी, लाइन फीड, क्रमांक 10. युनिक्सनं म्हटलं, एक 10 पुरे. सीपी/एम या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमकडून डॉसनं आणि डॉसकडून विंडोजनं दोन्ही घेतले. जुन्या मॅकनं हट्टानं फक्त 13 ठेवला. यंत्रं कधीच भंगारात गेली, पण त्यांची कॅरेज माझ्या प्रत्येक ओळीच्या शेवटी अजून डावीकडे परततेच आहे.

या रिपॉझिटरीत फायली साठवल्या गेल्या तेव्हा ओळीच्या शेवटी दोन्ही अक्षरं होती. पुढे कोणीतरी सद्‌हेतूनं गिटॲट्रिब्यूट्सच्या, म्हणजे फायलींचे नियम ठेवण्याच्या, फायलीत 'हे सगळं टेक्स्ट आहे' असं लिहून ठेवलं आणि जुन्या फायली तशाच सोडल्या. टेक्स्ट म्हटलं की गिट ती फाइल मनातल्या मनात नुसत्या 10 वर आणतं आणि मग साठवलेल्या प्रतीशी ताडून बघतं. साठवलेल्या प्रतीत 13 सुद्धा आहे! झाला बदल. रिस्टोर केलं की साठवलेली प्रत 13 सकट परत डिस्कवर येते, म्हणजे तुलना पुन्हा पहिल्यापासून. आणि यादी दर वेळी वेगळी का? तर गिट आळशी आहे. फायलीचा आकार आणि बदलाची वेळ इंडेक्समध्ये, म्हणजे आपल्या नोंदवहीत, टिपून ठेवतं आणि दोन्ही जुळले तर फाइल उघडतच नाही. फक्त इंडेक्स लिहिला जाण्याच्या क्षणाला अगदी चिकटून आलेल्या फायलींचा त्याला संशय येतो, त्या ते उघडून बघतं. क्लोन होताना ज्या त्या क्षणी सापडल्या, त्या आरोपी. "माझ्याकडे चालतंय" म्हणणारे खरंच बोलत होते, पुढच्या वेळी फाइल सेव्ह करेपर्यंत.

जाणकार म्हणतात, हा बग नाही, ठरवलेलं वागणं आहे. असेल. पण जे साधन स्वतःच उपाय सुचवतं आणि तो उपाय चालणं शक्यच नसतं, त्याला बग म्हणायचा अधिकार मी सोडणार नाही.

इलाज एका ओळीचा निघाला : 'गिट ॲड डॅश डॅश रीनॉर्मलाइझ', आणि पुढे टिंब. ही सोय 2018 मध्ये, 2.16 या आवृत्तीत आली. सगळ्या फायली एकदाच्या सरळ करून कमिट केल्या, ग्रुपवर आधी सूचना टाकली, 'उघड्या ब्रँच मर्ज करताना रीनॉर्मलाइझचा पर्याय द्या' हेही लिहिलं. ब्रँच म्हणजे कोडची वेगळी शाखा, मर्ज म्हणजे ती मूळ कोडात मिसळणं, आणि त्यात दोन बदल भिडले की कॉन्फ्लिक्ट. सूचनेला बरेच अंगठे आले. ज्यांनी अंगठे दिले तेच दुसऱ्या दिवशी "प्रत्येक ओळीत कॉन्फ्लिक्ट का येतोय?" विचारत होते.

तेही निवळलं. राहिलं ते 'गिट ब्लेम'. कुठली ओळ शेवटी कोणी बदलली हे ब्लेम सांगतं, आणि मी तर प्रत्येक ओळीतून एकेक 13 काढला होता. असा कमिट वगळायची सोय 2019 पासून, 2.23 मध्ये आहे. पण ती ज्यानं त्यानं आपापल्या मशीनवर चालू करायची असते, आणि त्याची सूचना मी ग्रुपवरच टाकली होती.

परवा नव्या मुलाचा मेसेज आला : "ताई, हे फंक्शन तुम्ही लिहिलंय ना? शेवटी सात का मिळवलेत?" मी इथे रुजू होण्याच्या कितीतरी आधीचा कोड. उघडून बघितलं. सातच्या वर कॉमेंट होती : 'हे सात काढू नका. कारण मला माहीत आहे.' ब्लेमनुसार तीही माझीच.