‘शास्त्रीय संगीत सगळ्यांसाठी नसतंच’ म्हणणाऱ्यांना

संगीतप्रेमींच्या व्हॉट्सअॅप गटांमधून सध्या एक लांबलचक मजकूर फिरतोय. खाली कुणाचं नाव नाही, पण ‘अगदी मनातलं बोललात’ असं म्हणत पुढे ढकलणारे भरपूर आहेत. आशय थोडक्यात असा : शास्त्रीय संगीत पहिल्यापासून मोजक्या जाणकारांचंच. अर्ध्या तासात राग उरकणं ही रागाची विटंबना. लहान मुलांना यातलं काही कळत नाही, त्यांना मैफलीला आणूच नये. गाण्याआधी समजावून सांगणं हा श्रोत्यांचा अपमान. अभंग-नाट्यपदांनी कान बिघडतात. आणि ज्याला खरी ओढ आहे तो कुठूनही येईलच, त्याच्यासाठी वेगळं काही करायला नको.

मी एका लहान शहरातल्या संगीत मंडळाचं काम करते. सतरंज्या अंथरण्यापासून कलाकारांना स्टेशनवरून आणण्यापर्यंत सगळं. हाच मजकूर आमच्या बैठकीत वाचून दाखवला गेला आणि शाळांमधले कार्यक्रम बंद करावेत अशी सूचना आली. म्हणून हे सविस्तर उत्तर.

‘मोजक्यांचं’ या दाव्यापासून सुरुवात करू. दरबार होते, खासगी बैठका होत्या, हे खरंच आहे. पण आज आपण ज्या रूपात हे संगीत ऐकतो ते दरबाराबाहेर पडल्यामुळेच आपल्यापर्यंत पोचलं. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय हे संगीत शिकवणारं विद्यालय काढलं, ते संस्थानिकाच्या पदरी राहून नव्हे, लोकांच्या मदतीवर. गाणं ही घरंदाज माणसाने लांबूनच बघायची गोष्ट, अशी समजूत असण्याच्या काळात त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसे केले. पुण्यात गायक भास्करबुवा बखल्यांनी १९११ साली भारत गायन समाज ही संगीतसंस्था उभी केली. १९५३ मध्ये भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला, त्याच्या मांडवात आज हजारो माणसं बसतात. मिरजेला दर्ग्याच्या आवारात थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे आणि उरुसात तिथेच त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. ऐकायला बसणाऱ्याला ‘राग ओळखता येतो का’ असं तिथे कुणी विचारत नाही. ही दारं उघडणारी माणसं या संगीतातली सगळ्यात मोठी माणसं होती. त्यांच्यापेक्षा आपल्याला रागाची काळजी जास्त आहे, असं म्हणायला मी तरी धजावणार नाही.

अर्ध्या तासाचा मुद्दा मात्र नीट बघायला हवा, कारण त्यात थोडं तथ्य आहे. विलंबित ख्यालाला, म्हणजे संथ लयीत राग मांडणाऱ्या गायनाला, वेळ लागतोच. मंद्रातून, म्हणजे खालच्या सप्तकातून, एकेक स्वर उलगडत वर जाणं घाईने होत नाही, आणि ज्याला ते तासभर ऐकायचं आहे त्याच्यासाठी तशा मैफली व्हायलाच हव्यात. पण कमी वेळात राग दिसतच नाही हे साफ चूक आहे. ७८ गतीच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटांचं गाणं मावायचं. त्या तीन मिनिटांत आपल्या थोर गायक-गायिकांनी राग उभे केले. गदगच्या एका दुकानात लागलेली अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी कानावर पडली आणि अकरा वर्षांचा भीमसेन गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. तीन मिनिटांनी विटंबना झाली असती तर भीमसेन जोशी झाले नसते. नासाने १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्यात गायिका केसरबाई केरकरांची भैरवी आहे. लांबी साडेतीन मिनिटं. गोव्यातल्या केरी गावच्या या बाईंनी त्यात काही कमी ठेवलंय असं ती ऐकल्यावर कुणी म्हणूच शकत नाही.

शिवाय नवा श्रोता कुठे अडखळतो याचा विचार हा मजकूर करतच नाही. अतिविलंबित, म्हणजे फारच संथ, एकतालाचं एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, सुमारे मिनिटभर चालतं. बारा मात्रा, म्हणजे ठोके, पण दोन मात्रांमधलं अंतर इतकं की सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कधी आली आणि कधी गेली हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला लागतच नाही. तो कंटाळतो ते राग कळत नाही म्हणून नाही, पायाखाली जमीन सापडत नाही म्हणून. याला उपाय आहे. मध्य लयीतली बंदिश, म्हणजे रागात बांधलेलं गीत, आधी ऐकवावी. जयपूर घराण्याच्या गायकीत ठेका, म्हणजे तबल्यावरचे तालाचे ठरलेले बोल, त्या मानाने चालता असतो, तिथे नवख्यालाही समेवर मान हलवता येते. एकदा सम पकडायची सवय लागली की तोच माणूस पुढे विलंबितात आरामात बसतो. आमच्याकडे हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

आता मुलांचं. इथे मी लहानपणीच मैफली गाजवलेल्या कलाकारांची उदाहरणं देणार नाही. ती असामान्य मुलं होती, त्यांच्यावरून चौथीतल्या वर्गाबद्दल काही ठरत नाही. चौथीतल्या वर्गाबद्दलच सांगते. आम्ही तबलजींना शाळेत नेतो तेव्हा ते आधी काही बोलत नाहीत, नुसता तीनतालाचा ठेका धरतात. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. मुलांना फक्त टाळी द्यायला सांगतो : पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला टाळी न देता हात उलटा करायचा, तिला ‘खाली’ म्हणतात. चार-पाच आवर्तनांत वर्ग बिनचूक चालतो. मग तबलजी विचारतात, खालीनंतर काय बदललं? ‘सर, मोठा आवाज गेला,’ असं कुणीतरी मागच्या बाकावरून सांगतंच. डग्ग्याचा, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या मोठ्या वाद्याचा, घुमार तिथे थांबतो, हे मुलांच्या कानांनी न शिकवता टिपलेलं असतं. त्याच हॉलमध्ये उभ्या असलेल्या आम्हा मोठ्यांपैकी कित्येकांना तो फरक दाखवून द्यावा लागतो. नंतर तिहाई, म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून समेवर येणं, घेतली की तिसरा ‘धा’ कुठे पडणार हे मुलं आधीच ओळखतात आणि समेवर सगळा वर्ग एकदम ओरडतो. हे कळणं नव्हे तर काय?

रागाचं व्याकरण त्यांना कळत नाही, मान्य. भाषेचं व्याकरण कळायच्या आधी मूल भाषा बोलतं. गाण्यात त्याच्याकडून उलट क्रमाची अपेक्षा का करायची?

मैफलीत मूल रडलं तर त्रास होतो ही तक्रार खरी आहे. ती मी झटकत नाही. दाराजवळची जागा मुलं घेऊन येणाऱ्यांसाठी ठेवा, पहिलं सत्र पाऊण तासाचं करा, मध्ये बाहेर जाता येईल अशी सोय करा. तक्रार व्यवस्थेची आहे, तिचा निकाल व्यवस्थेनेच लावायचा.

समजावून सांगणं म्हणजे अपमान, या म्हणण्याला उत्तर द्यायला भातखंडे पुरेसे आहेत. पंडित विष्णु नारायण भातखंडेंनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा चार भागांचा ग्रंथ मराठीत लिहिला, तोही गुरु-शिष्याच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात. शिष्य शंका विचारतो, गुरु उलगडून सांगतो. एवढा मोठा विद्वान समजावून सांगण्यात कमीपणा मानत नव्हता. विशेषणांचे फुगे सोडणारं निवेदन मलाही नको असतं. ‘स्वरांची बरसात’ ऐकून कुणाला काही समजत नाही. हवी ती माहिती साधी असते. यमन रागात ‘एरी आली पियाबिन’ चालू आहे, तीनताल आहे, आणि सखीला सांगणं चाललंय की प्रियकरावाचून क्षणभरही चैन पडत नाही. एवढ्या दोन ओळी मोठ्या अक्षरांत छापून हातात दिल्या की ज्याला शब्द ऐकू येत नव्हते त्याला ते ऐकू यायला लागतात. कानाने अधू झालेल्या आजोबांना तर त्याचा फारच आधार होतो.

कान बिघडण्याबद्दल फार लिहीत नाही. बखलेबुवांनीच १९१६ च्या ‘स्वयंवर’ नाटकाला संगीत दिलं, भीमसेनजींनी अभंगवाणी गायली, यातच उत्तर आलं. पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून गीतरामायण सुरू झालं, तेव्हा घरोघरी नातवंडांपासून आजीपर्यंत सगळे रेडिओभोवती बसायचे. त्यातलं पहिलंच गीत भूप रागातलं आहे. ती चाल गुणगुणायला सांगून मग सा रे ग प ध म्हटलं की ‘अरे, हा राग आपल्याला येतोच की’ असं माणसाला वाटतं. माझी काळजी वेगळी आहे. अर्ध्या मिनिटाच्या रीळमध्ये फक्त द्रुत तान दाखवली जाते, आणि वेग म्हणजेच गाणं असा नव्या श्रोत्याचा समज होतो. मजकूर लिहिणाऱ्याने त्यावर बोट ठेवलं असतं तर मी पहिली दुजोरा दिला असता.

राहिलं ‘ज्याला ओढ आहे तो येईलच’. किरण सेठ यांनी १९७७ मध्ये दिल्लीच्या आयआयटीत स्पिक मॅके या संस्थेची सुरुवात केली ती नेमकं उलटं करून : विद्यार्थ्यांची वाट बघत न बसता कलाकारांनाच त्यांच्याकडे नेऊन. ओढ लागायला आधी काहीतरी कानावर पडावं लागतं. आणि ओढ असूनही येता येत नाही, त्यांचं काय? गुडघे दुखणाऱ्या बाईंना भारतीय बैठकीत तीन तास बसता येत नाही. खुर्च्या शेवटच्या रांगेत ठेवल्या तर त्यांना कलाकाराचा चेहरा दिसत नाही. खुर्च्या दोन्ही कडांना पुढपर्यंत लावल्या तर कुणाचंच काही बिघडत नाही. रात्री साडेनऊनंतर लहान गावात परतीची बस नसते.

वेळेचं आणखी एक. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद झाले आणि रात्रभराच्या मैफली आटल्या. त्याबद्दल हळहळणारे सकाळ मात्र मोकळी सोडतात. तोडी, भैरव, ललत हे सकाळचे राग प्रत्यक्ष समोर बसून ऐकण्याची संधी आता फार थोड्यांना मिळते. सकाळी सातला आजी-आजोबा उठलेले असतात, रविवारी मुलांना शाळा नसते, बस मिळते, आणि दहापर्यंत सगळे घरी. आमचा पुढचा कार्यक्रम रविवारी सकाळी सातला ठेवलाय, शाळांना निमंत्रणं गेली आहेत. मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनीही यावं, खुर्ची हवी असेल तर आधी कळवावं.